नाणेघाटापासून नेपल्सच्या उपसागरापर्यंत

भूमध्य समुद्राच्या काठी व्हेसुव्हियस पर्वताच्या पायथ्याशी पसरलेला नेपल्सचा उपसागर आणि ठाणे जिल्ह्याच्या पूर्व सरहद्दीवर सह्याद्रीच्या पायथ्याशी वसलेला मुरबाड तालुका, या दोन मुलखांची नावे एका दमात उच्चारली तर ऐकणाऱ्यास ती जुळणी प्रथमदर्शनी चमत्कारिक वाटण्याचा संभव आहे. एकाच्या वाट्याला जगभरच्या प्रवाशांचे कौतुक, चित्रकारांची भक्ती आणि विद्वानांचे ग्रंथ आले. दुसऱ्याच्या वाट्याला भाताची खाचरे, सागाची राने, आठवड्याचा बाजार आणि पावसाळ्यात धबधबे पाहायला लोटणारी शहरातली गर्दी. परंतु इसवी सनाच्या आगेमागे दोन-तीन शतके या दोन किनाऱ्यांमध्ये जो व्यापार चालत होता त्याचे दप्तर उघडून बसले, म्हणजे हे दोन्ही मुलूख एकाच हमरस्त्याच्या दोन टोकांना होते हे ध्यानात येते, आणि त्यांतले एक टोक पाहून दुसऱ्याकडे पाठ फिरविणाऱ्याची यात्रा अर्धीच राहते, असे म्हणावेसे वाटते. तो रस्ता या प्रकरणात आपल्याला आपल्या बाजूने, म्हणजे धसईकडून, चालावयाचा आहे.

कल्याणहून मुरबाडला येऊन धसईच्या वाटेला लागले की समोरचे आकाश हळूहळू अरुंद होत जाते, आणि गावात पोहोचेपर्यंत पूर्वेची सारी बाजू सह्याद्रीच्या कड्यांनी अडविलेली दिसते. उत्तरेकडे जीवधन आणि नाणेघाटाचा अंगठा, मध्ये ढाकोबा आणि दुर्ग यांच्या उभ्या भिंती, दक्षिणेकडे गोरखगड आणि मच्छिंद्रगडाचे सुळके, त्यापलीकडे सिद्धगड, अशी ही रांग आहे. पळू, सोनावळे, देहरी, खोपिवली अशी लहानलहान गावे तिच्या पायाशी वसलेली असून त्या साऱ्यांचा बाजारहाट पिढ्यान्‌पिढ्या धसईच्या पेठेत होत आला आहे. २०१६ च्या डिसेंबरात रोख नाण्यावाचून सर्व व्यवहार करणारे राज्यातील पहिले गाव म्हणून धसईचे नाव वर्तमानपत्रांतून गाजले; पण या मुलखाचा आणि नाण्याचा संबंध त्याहून फार जुना आहे, तो समोरच्या कड्यात दोन हजार वर्षे कोरलेला आहे.

त्या कड्याचा दगड प्रथम पाहावा. सह्याद्री ज्या काळ्या बसाल्टचा बनला आहे, तो सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भूगर्भातून उसळलेल्या लाव्हाच्या थरांवर थर साचून झाला. उन्हाळ्यात गवत वाळले म्हणजे ढाकोबाच्या भिंतीवर ते आडवे थर पायथ्यावरूनही मोजता येतात. नेपल्सच्या उपसागराची भूमीही अग्निजन्यच आहे. फरक एवढाच की आपला अग्नी केव्हाच शांत झाला आणि तिथला अजून जागा आहे. पाँपेईच्या रस्त्यांवर लाव्हाच्या काळ्या फरशा बसविलेल्या असून गाड्यांच्या चाकांनी त्यांत पडलेल्या खोल चाकोऱ्या आजही बोटाने चाचपता येतात; नाणेघाटाच्या खिंडीतही तशाच काळ्या दगडांची फरसबंदी आणि पायऱ्या आहेत, आणि पायांखाली त्यांच्या कडा गुळगुळीत झाल्या आहेत. एकीकडे गाडी आणि दुसरीकडे माणूस व लादलेले जनावर, एवढेच काय ते अंतर.

नाणेघाट ही कल्याण आणि सोपारा या बंदरांना जुन्नरशी आणि जुन्नरमार्गे पैठणशी जोडणारी वाट. वैशाखऱ्याच्या बाजूने रानातून चढण चढत गेले असता शेवटी दोन कड्यांच्या बेचक्यात ती अशी अरुंद होते की चार शिपाई उभे केले तरी सारा व्यापार रोखता यावा. आणि जिथे रोखता येते तिथे हशील घेता येते, हा राज्यकारभाराचा जुनाच न्याय आहे. घाटमाथ्यावर एक भला मोठा दगडी रांजण आहे. येणाऱ्याजाणाऱ्यांकडून घेतलेली जकात त्यात टाकीत, असे परंपरा सांगते. माथ्याच्या थोडे खाली, पश्चिमेकडे तोंड करून, एक मोठे चौकोनी लेणे कोरलेले आहे. त्यात विहारासारख्या खोल्या नाहीत, चैत्यासारखा स्तूप नाही. भिंतींच्या कडेने बसण्यासाठी कोरलेले दगडी बाक आहेत आणि समोर कोकणचा सारा उतार उघडा आहे. वाटसरूने थांबावे, घाम पुसावा आणि भिंतीवर काय लिहिले आहे ते वाचावे, अशाच हेतूने ही जागा कोरली गेली असावी असे तिथे बसल्यावर मनोमन पटते.

आणि वाचण्यासारखे पुष्कळच होते. डाव्या आणि उजव्या भिंतींवर ब्राह्मी लिपीत, प्राकृत भाषेत, सातवाहन राणी नागनिकेचा विस्तीर्ण लेख आहे. तिने आणि तिचा पती सातकर्णी याने केलेले यज्ञ त्यात ओळीने सांगितले आहेत: अग्न्याधेय, राजसूय, अश्वमेध, आप्तोर्याम, आणि प्रत्येक यज्ञात दिलेल्या दक्षिणेचा हिशेब कोणा चोख कारकुनाने मांडावा तसा मांडला आहे, किती गाई, किती घोडे, किती हत्ती, किती कार्षापण नाणी. या हिशेबातले आकडे हीच या लेखाची जगाच्या दृष्टीने सर्वांत मौल्यवान ठेव होय, कारण आज आपण ज्या अंकचिन्हांनी लिहितो त्यांच्या पूर्वजांची इतकी विपुल आणि इतकी जुनी नोंद फार थोड्या ठिकाणी सापडते. उजेड तिरपा पडला म्हणजे चार, सहा, सात, नऊ, दहा ही चिन्हे वेगवेगळी ओळखता येतात. शंभरासाठी आणि हजारासाठी स्वतंत्र खुणा असून त्यांना लहान आकडे जोडून सतराशे किंवा अकरा हजार अशा संख्या सिद्ध केलेल्या आहेत. स्थानमूल्याची पद्धत आणि शून्य अजून यायचे होते, पण व्यापाराच्या वाटेवरचा हा मुलूख मोठ्या संख्या सहज हाताळीत होता याची साक्ष त्यापेक्षा अधिक चांगली कोणती देता येईल? मागच्या भिंतीवर सिमुक सातवाहन, देवी नायनिका (म्हणजेच नागनिका) व राजा सातकर्णी, कुमार, महारठी अशा राजकुलातील व्यक्तींच्या प्रतिमा कोरल्या होत्या. प्रतिमा नष्ट झाल्या, त्यांच्या डोक्यावर कोरलेली नावे तेवढी राहिली. कर्नल साइक्सने एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हा लेख विद्वानांच्या नजरेस आणला; पुढे पंडित भगवानलाल इंद्रजी आणि जर्मन पंडित ब्यूलर यांनी त्याचे वाचन सिद्धीस नेले.

घाट उतरून कल्याणला आलेला माल तिथे जहाजावर चढे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात इजिप्तमधल्या एका ग्रीकभाषी व्यापाऱ्याने तांबड्या समुद्रापासून हिंदुस्थानापर्यंतच्या बंदरांची एक वहिवाटीची पुस्तिका लिहून ठेवली. 'पेरिप्लस' या नावाने ती प्रसिद्ध आहे. तीत सोपारा, कल्याण आणि चौल ही तिन्ही नावे ग्रीक उच्चारांच्या वेषात आहेत. कल्याणविषयी ती सांगते की थोरल्या सारगानोसच्या अमदानीत हे रीतसर परवान्याचे बंदर झाले होते, परंतु संदानेसचा अंमल बसल्यापासून तिथल्या व्यापारास फार अडथळा होतो, आणि चुकून तिथे शिरलेली ग्रीक जहाजे पहाऱ्यात भडोचला रवाना केली जातात. सारगानोस म्हणजे सातकर्णी असे सामान्यतः मानले जाते. क्षत्रप आणि सातवाहन या राजवंशांच्या झगड्यात कल्याणची अशी नाकेबंदी झाली, आणि पैठणचा अकीक व तेरचे तलम कापड गाडीरस्त्याने दूर भडोचला जाऊ लागले. पुढे गौतमीपुत्र सातकर्णीने क्षत्रप नहपानाचा पाडाव केला. १९०६ साली नाशिकजवळ जोगळटेंभी येथे तेरा हजारांहून अधिक चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला, त्यातल्या बहुसंख्य नाण्यांवर नहपानाच्या मुद्रेवरच गौतमीपुत्राने आपली मुद्रा पुन्हा ठोकलेली आहे. राज्य बदलल्याची बातमी प्रत्येक दुकानदाराच्या हाती पोहोचविण्याची ही रीत होती.

कल्याण सोडल्यावर समुद्राचा कारभार वाऱ्याच्या हाती. आषाढात मिसरच्या किनाऱ्यावरून निघालेली जहाजे नैर्ऋत्येचा वारा पाठीशी घेऊन आपल्या किनाऱ्यास लागत आणि पावसाळा सरून वारा फिरला म्हणजे माघारी वळत; जो पाऊस धसईच्या खाचरांत भात उभा करतो, त्याचाच वारा या जहाजांची शिडे फुगवीत असे. स्ट्राबो हा भूगोलज्ञ लिहितो की त्याच्या काळी म्योस होर्मोस या एका बंदरातून वर्षाकाठी एकशेवीस जहाजे हिंदुस्थानाकडे जात. त्याच किनाऱ्यावरील बेरेनिके बंदराच्या उत्खननात हिंदुस्थानातील सागवानी लाकूड आणि मिरी सापडली आहेत. तिथून माल उंटांवर नाईल नदीपर्यंत, नदीतून अलेक्झांड्रियापर्यंत जाई, आणि तिथे रोमन सरकार मालाच्या किमतीचा चौथा हिस्सा जकात म्हणून कापून घेई. नाणेघाटाच्या रांजणाचा आणि अलेक्झांड्रियाच्या जकात कचेरीचा असा हा संबंध आहे: एकाच गाठोड्याने दोन्ही ठिकाणी आपला वाटा मोजला.

अलेक्झांड्रियाहून निघालेली जहाजे ज्या बंदरात माल उतरवीत ते पुतेओली, आजचे पोत्सुओली, नेपल्सच्या पश्चिमेस थोड्याच अंतरावर आहे. तिथल्या जुन्या मंडईच्या अवशेषांत तीन संगमरवरी खांब अजून उभे असून त्यांच्या मधल्या भागात समुद्रातल्या शिंपल्यांच्या जिवांनी पाडलेली भोके दिसतात. जमीन एकदा समुद्राखाली खचली आणि पुन्हा वर आली, याचा असा बोलका पुरावा अन्यत्र क्वचितच मिळतो. आपल्या सोपाऱ्याचे भाग्य याच्या उलट झाले: खाडी गाळाने भरली, समुद्र दूर सरला, आणि जिथे १८८२ साली भगवानलाल इंद्रजींनी बुरूड राजाच्या कोटातला स्तूप उकलला, जिथे अशोकाच्या शिलालेखाचा तुकडा मिळाला, ते प्राचीन बंदर आज नालासोपाऱ्याच्या दाट वस्तीत शोधावे लागते.

पोत्सुओलीहून पाँपेई काही तासांच्या वाटेवर. इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या राखेखाली हे नगर गाडले गेले, १७४८ पासून ते पद्धतशीरपणे उकरले जात आहे. तिथल्या एका घरात १९३८ साली हस्तिदंताची एक स्त्रीमूर्ती मिळाली. ती नेपल्सच्या पुराणवस्तुसंग्रहालयात ठेवलेली आहे. उंची वीतभराहून थोडी अधिक. मस्तकावर गुंफलेला केशकलाप, गळ्यात भारी हार, कमरेस मेखला, मनगटापासून कोपरापर्यंत चढलेल्या बांगड्या आणि पायांत जाड तोड्यांची रास. दोन्ही अंगांस प्रसाधनाची पेटी धरून उभ्या असलेल्या दोन लहान दासी. मस्तकातून खाली गेलेल्या छिद्रावरून ही मूर्ती एखाद्या आरशाची मूठ किंवा आसनाचा पाय असावी, असा तर्क करतात. कोणी तिला लक्ष्मी म्हणाले, कोणी यक्षी. तिच्या तळाशी कोरलेले खरोष्ठी अक्षर वायव्येच्या वाटेकडे बोट दाखविते. पण जालना जिल्ह्यातील भोकरदनच्या उत्खननात आणि तेर येथे ज्या हस्तिदंती स्त्रीप्रतिमा निघाल्या, त्यांच्याशी तिचे नाते इतके जवळचे आहे की दख्खनच्या कारागिराचा हात अनेक अभ्यासकांनी तिच्यात ओळखला आहे. महाराष्ट्रातून गेलेल्या प्रवाशाने त्या काचेपुढे उभे राहावे आणि शेजारच्या दालनांतील सिकंदराच्या युद्धाचे ते भव्य कुट्टिमचित्र पाहण्याआधी या आपल्या माणसाची विचारपूस करावी, यात गैर काही नाही.

हा व्यापार एकमार्गी नव्हता. रोमन लेखक प्लिनी तक्रार करतो की हिंदुस्थान दरसाल साम्राज्यातून पाच कोटी सेस्टर्स खेचून नेतो. पण त्याच ग्रंथात तो सांगतो की रोमच्या स्त्रियांना जसे हिंदी मोत्यांचे वेड, तसेच हिंदी लोकांना पोवळ्यांचे, आणि या मागणीमुळे पोवळे आपल्या मायदेशातच दुर्मिळ झाले आहे. उत्तम पोवळे कोठे मिळते याची त्याने दिलेली स्थळे म्हणजे सिसिलीजवळचा समुद्र आणि गॉलच्या किनाऱ्यावरील स्तोइखादेस बेटे, म्हणजे फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्याजवळची आजची इएरची बेटे. मराठी वाचकास या किनाऱ्याचे एक गाव चांगलेच परिचित आहे: त्याच बेटांच्या पश्चिमेस मार्सेय बंदर आहे, जिथे ८ जुलै १९१० रोजी 'मोरिया' बोटीतून सावरकरांनी समुद्रात उडी घेतली. ज्या किनाऱ्याची आठवण आपण एका पराक्रमामुळे ठेवतो, त्याच्या तळचे लाल रत्न आपल्या आज्यापणज्यांच्या दागिन्यांत मंगळाचे रत्न म्हणून कित्येक शतके मिरवीत होते. नेपल्सजवळच्या तोरे देल ग्रेको या गावात पोवळे कोरणारे कारागीर आजही आपला धंदा चालवितात.

इकडे आलेल्या वस्तूंचा शोध घेणाऱ्याने कोल्हापूरला जावे. तिथल्या ब्रह्मपुरीच्या टेकडीवर १९४५ च्या आसपास रोमन घडणीची कांस्यपात्रे आणि समुद्रदेव पोसायडनची एक लहानशी कांस्यमूर्ती मिळाली. ती टाऊन हॉलच्या वस्तुसंग्रहालयात आहे. समुद्रापासून इतक्या आत, पंचगंगेच्या काठी, ग्रीकांचा समुद्रदेव उभा आहे. आणि माणसे? तीही आली. नाणेघाट चढून जुन्नरला गेले की त्या परिसरातील दोनशेहून अधिक लेण्यांमध्ये काही दानलेख यवनांचे, म्हणजे ग्रीक परदेशीयांचे आहेत: इरिल नावाच्या यवनाने पाण्याची दोन टाकी दिली, चिट नावाच्या यवनाने संघासाठी भोजनमंडप दिला. परक्या मुलखात येऊन माणसाने प्रथम तहानेल्यासाठी पाणी आणि भुकेल्यासाठी अन्नाची जागा करून द्यावी, यापेक्षा त्या मुलखाशी जडलेल्या स्नेहाची अधिक चांगली सनद असू शकत नाही.

कलेची तुलना करू जाणाऱ्याने एक गोष्ट विसरू नये. पाँपेईच्या भिंतींवरील चित्रे ओल्या चुन्यावर रंग बसवून केली, म्हणून आणि राखेने झाकली म्हणून ती उरली. आपल्या जुन्या ठाणे जिल्ह्यातील वारली घरांच्या भिंतींवर लग्नाच्या वेळी सुवासिनी तांदळाच्या पिठाने गेरूवर जो चौक लिहितात आणि त्यात पालघट देवीची स्थापना करतात, ते चित्र टिकावे अशी कोणाची अपेक्षाच नसते. भिंत सारवली की ते जाते, पुढच्या लग्नात पुन्हा येते. एका परंपरेने वस्तू राखली, दुसरीने हात राखला. दोन्ही आदरास पात्र आहेत, आणि ज्याला भिंतीवरच्या चित्राचे मोल कळते त्याने डहाणूचे वारली चित्रकार जिव्या सोमा म्हसे आणि पाँपेईचे अनाम चितारी यांना एकाच पंक्तीत बसविण्यास कचरू नये.

निसर्गाच्या बाबतीत मात्र दोन किनाऱ्यांचे स्वभाव अगदी परस्परविरुद्ध. भूमध्य किनाऱ्यावर पाऊस हिवाळ्यात, तोही बेताचा. म्हणून तिथे ऑलिव्ह आणि द्राक्ष. आपल्याकडे चार महिन्यांत आभाळ रिते होते. म्हणून खाली भात, उतारावर नाचणी आणि वरी, रानात साग, ऐन, मोह आणि पळस. पावसाळ्यात नाणेघाटाच्या कड्यावर वाऱ्याचा असा जोर असतो की खाली पडू पाहणारे पाणी तुषार होऊन पुन्हा वर उडते. श्रावण-भाद्रपदात माथ्यावर सोनकी आणि तेरडा फुलतो. कारवी सात वर्षांनी एकदा साऱ्या उतारांना जांभळी करते. दक्षिणेकडे आहुप्याच्या देवराईत आणि भीमाशंकरच्या अभयारण्यात शेकरू एका झाडावरून दुसऱ्यावर झेप घेते. या रानाची वाट ठाकर, कातकरी आणि महादेव कोळी माणसांना जशी ठाऊक असते, तशी कोणत्याही नकाशाला ठाऊक नसते; घाटात शिरणाऱ्याने त्यांच्यापैकी कोणास सोबत घ्यावे आणि त्यांच्या श्रमाचा मोबदला बिनघासाघीस द्यावा.

पाँपेईची नोंद १९९७ पासून जागतिक वारशात आहे. तिथे पडलेला प्रत्येक दगड मोजला आणि नोंदला जातो. नाणेघाटाचे लेणेही सरकारी पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहे. परंतु संरक्षणाचा हुकूम दिल्लीत निघतो आणि लेण्यापर्यंत पाहुणे पोहोचतात, त्यामुळे खरा बंदोबस्त पाहुण्याच्याच शहाणपणावर अवलंबून राहतो. ज्या भिंतीवर नागनिकेने आपल्या दानाचा हिशेब लिहिला, तिच्यावर स्वतःचे नाव खरडणारा माणूस महाराष्ट्राच्या पहिल्या जमाखर्चाचे पान फाडीत असतो. म्हणून वाचकांना एवढीच विनंती आहे: पावसाळ्याच्या गर्दीत जाण्याऐवजी दसऱ्यानंतर, आकाश निवळल्यावर आणि पायवाटा वाळल्यावर, धसई-मुरबाडच्या मुलखात जा, जाण्यापूर्वी लेखाचा मजकूर वाचून जा, अक्षरांना हात लावू नका, मुलांना आकडे दाखवा, रांजणात कचरा टाकू देऊ नका. आणि पुढेमागे कधी नेपल्सला जाण्याचा योग आला, तर त्या हस्तिदंती स्त्रीपुढे उभे राहण्याआधी नाणेघाट चढलेला असू द्या.